यशवंतात डाळ, सुभद्राबाईंत भात

परळच्या आमच्या गाळ्यात नवीन बाई कामाला आली की पहिल्या दिवशी हमखास दचकते. एकदा अशीच एक जण दारात चप्पल काढत होती आणि आतून काकीचा आवाज आला, "यशवंताला खाली घे गो, बुडाला लागला तो. आणि सुभद्राबाईला घासून उन्हात पालथी घाल." बाईने काढलेली चप्पल परत पायात घातली. मी तिला दंडाला धरून आत नेलं आणि यशवंत दाखवला. यशवंत म्हणजे पितळेचा टोप. त्याच्या गळ्याशी ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत कोरलेलं आहे, 'कै. यशवंत धोंडू यांच्या स्मरणार्थ चिरंजीव सदानंद यांजकडून मंडळास भेट.' सुभद्राबाई म्हणजे भाताचं पातेलं. आमच्या केटरिंगमध्ये जिवंत आम्ही मोजक्या बायका, बाकी सगळा स्टाफ मेलेला. "पगार मागत नाय, दांडी मारत नाय," काकी म्हणायची, "अजून काय हवं तुला?"

काकी माझी सख्खी काकी नव्हे. लालबागला आमच्या चाळीत ती टोकाच्या खोलीत राहायची आणि सगळ्या चाळीची काकी होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. तिचं खरं नाव काय, हे कुणी कधी विचारलं नाही. मलाही ते फार उशिरा कळलं. बुटकी, काळीसावळी, नऊवारी सोडून गाऊनवर आलेली आणि त्या गाऊनवरून खांद्यावर टॉवेल टाकून जगात कुठेही जाणारी. बँकेतसुद्धा ती तशीच गेली होती, आणि मॅनेजरला म्हणाली होती, "पंख्याखाली बसून तुम्हाला झोप येत नाय?"

ही भांडी आली कुठून, ते सांगायला हवं. चाळीत आमच्या गावच्या मंडळाची एक खोली होती. गावचं माणूस मुंबईत वारलं की वर्षश्राद्धाला त्याचा मुलगा मंडळाला एखादं भांडं द्यायचा, त्यावर वडिलांचं नाव घालून. ऐपत असेल तर टोप, नसेल तर झारा, तेही जमलं नाही तर डाव. मग चाळीत कुणाचं बारसं, कुणाचा साखरपुडा, कुणाचा सत्यनारायण, की खोलीचं कुलूप उघडायचं आणि सगळे कैलासवासी बाहेर यायचे. माझ्या स्वतःच्या लग्नाचं जेवण ह्याच भांड्यांत शिजलं. तेव्हा नावं वाचायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मग चाळ टॉवरला गेली. नवीन इमारतीत मंडळाला ऑफिस मिळालं, काचेचं, एसीवालं, त्यात एक टेबल आणि दोन ट्रॉफ्या. भांडी कुठे ठेवणार? मीटिंग झाली आणि अध्यक्षांनी सांगितलं, पितळेला सध्या भाव बरा आहे, भंगारवाला बोलावू. सगळ्यांनी माना डोलावल्या. काकी मागच्या खुर्चीवरून उठली.

"बापूसला वजनावर विकतलास?" तिने सदानंदलाच विचारलं. सदानंद आता पन्नाशीचा, पोट सुटलेला, तो एकदम खाली बघायला लागला.

"काकी, भावनेचा प्रश्न नाही," अध्यक्ष म्हणाले. "भांडी पडून राहणार. तुम्ही काय करणार आहात त्यांचं?"

"रांधीन."

"कोणासाठी?"

"भूक लागेल त्याच्यासाठी."

हसले सगळे. पण अध्यक्ष हिशेबी माणूस, त्यांनी वाक्य मिनिटबुकात घालून टाकलं: भांडी वापरात असतील तोवर काकींकडे राहतील, पडून राहिली की भंगारात. काकीने त्यावर अंगठ्याएवढी सही केली. अशी आमच्या केटरिंगची सुरुवात. लोक धंदा काढतात आणि मग त्याला लागतील तशी भांडी घेतात. हिने भांडी वाचवायला धंदा काढला.

त्या सुमारास माझं ऑफिस मुंबईबाहेर गेलं आणि माझी नोकरी मुंबईतच राहिली, म्हणजे गेली. मी घरी बसून सासूबाईंच्या मालिका बघत होते. काकी आली आणि म्हणाली, "तू फोनवर इंग्लिश बोल, मी कांदा चिरते." मी होय म्हटलं. पुढे कांदाही मीच चिरला, हे वेगळं सांगायला नको.

तिची पद्धत अशी, की कुठल्या भांड्यात काय शिजवायचं ते त्या माणसाच्या स्वभावावरून ठरायचं. यशवंत गिरणीत बॉयलरवर होता, त्याला आच सोसते, म्हणून त्याच्यात डाळ. सुभद्राबाई कुणाच्या अध्यातमध्यात नसत, म्हणून त्यांच्यात भात मोकळा होतो. तात्या म्हणून एक पातेलं होतं, त्यात दूध म्हणून घालायचं नाही. तात्यांचं हयातीत कुणाशी पटलं नव्हतं. मला हे सगळं थोतांड वाटायचं. एकदा घाईत दुसरं पातेलं रिकामं नव्हतं, तेव्हा मी तिच्या नाकावर टिच्चून तात्यात खिरीचं दूध ठेवलं. नासलं.

"दूधच शिळं असेल," मी म्हटलं.

"असेल हां," काकी म्हणाली. "मेल्यावर माणूस सुधारतो असं तुला कोणी सांगितलं?"

गणपतीच्या आधी कल्हईवाले चाचा यायचे. तेही हळूहळू बिघडले. "काकी, ये तात्या का पेट फिरसे काला पड गया," ते म्हणायचे, आणि काकी आतून ओरडायची, "उसका पहलेसेच काला था. तुम घासो." जाताना चाचा यशवंताला हात कपाळाला लावून सलाम करायचे. मी ह्या दोघांकडे बघत बसायचे आणि माझ्या बीकॉमचं काय झालं असा विचार करायचे.

नवीन वस्तू घेण्यावरून आमची रोज जुंपायची. मला स्टीलचे टोप हवे होते, हलके, एकावर एक बसणारे. मला बटाटे सोलायचं मशीन हवं होतं. सहा महिने डोकं खाल्ल्यावर एक मोठा ग्राइंडर घ्यायला ती कशीबशी तयार झाली. तो आला, तिने त्याच्याभोवती एक फेरी मारली, वाकून बुडाखाली बघितलं.

"ह्याच्यावर नाव कोणाचं?"

"कंपनीचं."

"कंपनी मेली काय?"

"नाही गं काकी, चांगली चालू आहे."

"मग पाहुणा आहे हा," ती म्हणाली आणि शेवटपर्यंत तिने त्या ग्राइंडरला हात लावला नाही. वाटण लागलं की मला हाक मारायची, "तुझ्या पाहुण्याला उठव."

मी हे हसण्यावारी नेत होते, पण धंदा काही जोर धरत नव्हता. वाढदिवस, हळदीकुंकू, कुठे डोहाळजेवण, बस. अध्यक्ष संध्याकाळी फिरायला म्हणून निघायचे आणि बरोबर आमच्या गाळ्यासमोर त्यांना दम लागायचा. आत डोकावून म्हणायचे, "काकी, आज भांडी पालथीच दिसतात." काकी म्हणायची, "दमलीत. तुम्ही पण बसा." ते गेल्यावर मात्र ती प्रत्येक भांडं उगाचच परत घासायची. मला कळायचं तिला काय झालंय ते. ती कुणाला घाबरत नव्हती, फक्त त्या भंगारवाल्याच्या काट्याला घाबरत होती.

म्हणून दादरच्या हॉलचं काम मी जिवावर उदार होऊन मिळवलं. लग्नाचा मोठा हॉल, त्यांच्या पॅनलवर नाव लागलं की वर्षभर भांडी पालथी पडायची नाहीत. मॅनेजरने एक लग्न ट्रायल म्हणून दिलं. त्याच्या अटी दोनच: सगळ्यांना एकसारखे एप्रन, आणि काउंटरवर चेफिंग डिश. त्या झाकणवाल्या चकचकीत चौकोनी पेट्या मी भाड्याने आणल्या. काकीला म्हटलं, "हे बघ, भांडी स्वयंपाकघरात राहतील. तिथे शिजवायचं आणि पेट्यांत ओतायचं. एकही नाव बाहेर दिसता कामा नये. लग्न आहे ते."

"बरं," काकी म्हणाली.

एवढ्या चटकन ती आयुष्यात कधी बरं म्हणाली नव्हती. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

लग्न लागलं, अक्षता पडल्या, मी मॅनेजरबरोबर दारात उभी राहून गोड हसत होते. जेवणं सुरू झाल्यावर काउंटरकडे आले तर पेट्या टेबलाखाली, चादरीच्या आड, एकीवर एक रचलेल्या. आणि वर, पांढऱ्या सॅटिनवर, चिंचेने घासून लखलखीत केलेले सगळेच्या सगळे, यशवंत, सुभद्राबाई, पुऱ्यांना तात्या, ओळीने उभे. नावं पाहुण्यांच्या बाजूला. काकी एप्रन उलटा घालून मागे उभी.

"काकी, काय केलंस हे?"

"त्या पेट्यांत अन्न झोपतं. आणि एवढ्या मोठ्या हॉलात पहिल्यांदा आलेत बिचारे, भिंतीकडे तोंड करून उभं करू?"

मी काही बोलणार, एवढ्यात नवरीचे मामा ताट घेऊन आले. फेटा, चष्मा, भात वाढून घेताना माणूस वाचतोच. त्यांनी मोठ्याने वाचलं, अक्षर लावत लावत. "कै... सुभद्राबाई... यांच्या... स्मरणार्थ." मग पुढचा टोप वाचला. मग त्याच्या पुढचा. रांग थांबली. नवरीच्या आईने तोंडाला पदर लावला. मामांनी ताट खाली ठेवलं आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हे लग्न आहे की तेरावं?"

मॅनेजर माझ्याकडे बघत होता. काकीने खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसले आणि काउंटरच्या पुढे आली.

"मामा, सकाळी भटजींनी नांदीश्राद्ध केलं ना?"

"केलं. त्याचं इथे काय?"

"म्हणजे पितरांना बोलावलंत. पाट मांडून, मान देऊन."

"बोलावतातच. रीत आहे ती."

"मग तुमचे आलेले चालतात, माझ्यांनी काय घोडं मारलंय? तुमचे नुसते जेवायला आलेत. माझे सकाळपासून राबतायत."

मामांनी भटजी शोधले. भटजी कोपऱ्यात खुर्चीवर मसालेभात खात होते. तोंड भरलेलं होतं, म्हणून त्यांनी आधी मान हलवली, मग गिळलं आणि म्हणाले, "पितर आलेले असतात हे खरं आहे. भात अजून थोडा मिळेल का?"

आधी नवऱ्याची आजी हसली. मग म्हणाली, "मला त्या सुभद्राबाईंतला वाढा गो." झालं. सगळी रांग नावाने मागायला लागली. "यशवंतमध्ये आहे का अजून?" "तात्या संपले वाटतं?" पोरं फोटो काढत होती. मामांनी ताट परत उचललं आणि दोनदा भात घेतला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

पण मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "मॅडम, जेवण एक नंबर. पण हॉलमध्ये मयताची नावं मला परवडणार नाहीत. पॅनलचं विसरा."

परतताना टेम्पोत मी तिला वाटेल ते बोलले. तुझ्या हट्टापायी भांडीही जाणार आणि माझं घरही बसणार, असं बोलले. ती यशवंताला टेकून बसली होती, खड्डा आला की त्याला हाताने धरत होती. तिने उलट उत्तर दिलं नाही म्हणून मला जास्तच राग आला आणि मग रडू आलं.

आठवडाभर आमचं बोलणं बंद. अध्यक्षांना बातमी लागलीच होती, ते दोनदा दमून गेले. आणि मग एका दुपारी गाळ्यासमोर टॅक्सी थांबली. त्यातून त्याच मामांची बायको उतरली आणि मागून चादरीत गुंडाळलेला भलामोठा हंडा.

"आमच्या सासऱ्यांच्या नावाचा आहे," मामी म्हणाल्या. "टॉवरमध्ये ठेवायला जागा नाही आणि भंगारात घालायला हात होत नाही. हे रोज बाल्कनीत जाऊन त्याच्याकडे बघतात आणि परत येतात. तुमच्यातल्यांत घ्याल का?"

काकीने त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "स्वभाव कसा होता?"

"रागीट. पण पानातलं टाकायचे नाहीत."

"गोड?"

"शुगर होती. चोरून खायचे."

"मग बासुंदी करूया ह्यांच्यात. आता कोण अडवणार आहे?"

मामींना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. त्यांच्या घरच्या साठीशांतीचं जेवण आमच्याकडे आलं, अट एकच, बासुंदी सासऱ्यांतच. तिथून जी रीघ लागली ती लागलीच. प्रत्येकाच्या घरी एक असं भांडं होतं, धड ठेवता येत नाही, टाकवत नाही. भांडं आमच्याकडे यायचं आणि मागोमाग त्या घरचं प्रत्येक कार्य. खोताच्या वाडीतून फिलोमिनाबाई आल्या, तांब्याच्या, कडेला क्रॉस. त्यांच्यात काकी रविवारी दुपारनंतरच रांधायची, कारण त्या चर्चमधून आल्याशिवाय चुलीपाशी जात नसत. नायगावहून एक सर आईची परात घेऊन आले. तिच्यावर 'कै.' नव्हतं, बौद्ध घरांत लिहितात तसं 'कालकथित' होतं. सर दारातच उभे राहिले. म्हणाले, "परात कुठल्या घरातली ते आधीच सांगतो. नंतर कुणाची कुरबुर नको."

"घर नाय विचारलं मी," काकी म्हणाली. "स्वभाव सांगा."

सरांनी परात आत आणून ठेवली. मग म्हणाले, "दारात आलेल्याला उपाशी पाठवायची नाही."

"मग सगळ्यांच्या पुऱ्यांचं पीठ हिच्यातच मळायचं," काकी म्हणाली, आणि तेव्हापासून तसंच चालू आहे. जयंतीला सरांच्या चाळीचं सगळं जेवण आमच्याकडे असतं.

शेजारचा गाळा घेतला. बायका वाढल्या. अध्यक्षांचं संध्याकाळचं फिरणं आपोआप दुसऱ्या रस्त्याला लागलं. भांड्यांपायी आमचा धंदा बुडेल असं मला वाटत होतं, आणि भांड्यांनीच तो उभा केला. हे मी तिला कधी तोंडावर म्हटलं नाही. म्हटलं असतं तर ती डोक्यावर बसली असती.

मग एकदा ती लालबागच्या भांडीगल्लीतून एक कोरा टोप घेऊन आली. नवा, पितळी, मध्यम. मला वाटलं सूर्य पश्चिमेला उगवला. हातात घेऊन वाचलं. 'कै.' आणि पुढे एका बाईचं नाव, छान, जुन्या वळणाचं. "ह्या कोण?" मी विचारलं.

"मी."

असं मला तिचं नाव कळलं.

"काकी, अगं तू जिवंत आहेस. कै. कशाला?"

"मग नंतर कोण जाणार दुकानात? पोर नाय त्याचा टोप नाय, मंडळात हीच चाल. नवऱ्याचा राहिला. माझा मी करून घेतला." हे ती लसूण सोलता सोलता बोलली. मला तिचा इतका राग आला आणि इतकं वाईट वाटलं, की मी पाहुण्याला चालू केलं आणि उगाच वाटण वाटत बसले.

नावाखाली 'यांच्या स्मरणार्थ' होतं, मग गुळगुळीत मोकळी जागा, मग 'यांजकडून'. "ही जागा?" मी नंतर विचारलं. "राहू दे," ती म्हणाली. त्यात ती काही शिजवूही देईना. "माझा स्वभाव सांगणार कोण? मी सांगितला तर खोटंच सांगीन." टोप वरच्या फळीवर पालथा पडला.

गेल्या वर्षी तिच्या गुडघ्यांनी राम म्हटला आणि पुतण्या तिला गावी घेऊन गेला. जाताना भांड्यांचा एकेक करून निरोप घेतला, माझा नाही. मला म्हणाली, "तात्याकडे लक्ष ठेव." तेव्हापासून रोज फोन. डाळ पातळ करतेस का, चाचा आला का, पाहुणा बरा आहे का.

मध्यंतरी अध्यक्ष आले. ह्या वेळी खरंच दमले होते, वय झालं आता. बसले, चहा घेतला, आणि सवयीने वर बघून म्हणाले, "तो एक टोप पडून आहे वाटतं."

ते गमतीने म्हणाले असतील. पण मी लगेच स्टुलावर चढले आणि टोप खाली काढला. तशीच भांडीगल्लीत गेले. नावं घालणारा दुकानाच्या पायरीवर मशीन घेऊन बसला होता. मी मोकळी जागा दाखवली आणि माझं नाव सांगितलं.

"आधी काय घालू? चिरंजीव नाही होणार. सून?"

"नाही."

"मग नातं काय?"

"रोज भांडायचो," मी म्हटलं.

"म्हणजे मुलगी," तो म्हणाला, आणि मी काही म्हणायच्या आत मशीन चालूसुद्धा केलं.

चाचांकडून आतून कल्हई करून घेतली, फोटो काढला, पुतण्याच्या मोबाइलवर पाठवला. लगेच फोन.

"अक्षर वाकडं आलंय."

"बरं."

"आणि हे मुलगी काय? मला विचारलंस?"

"तू कैलासवासी आहेस काकी. तुला कोण विचारणार?"

कोंबड्या ओरडल्या तिकडे. मग म्हणाली, "काय शिजवलंस?"

"अजून काही नाही. स्वभाव कळल्याशिवाय कसं शिजवू?"

परत कोंबड्या. "दूध ठेवून बघ," ती म्हणाली.

मी फोन स्पीकरवर टाकून कट्ट्यावर ठेवला. टोप शेगडीवर चढवला, दूध ओतलं, आच बारीक केली. कामाच्या बायका पीठ मळायचं थांबवून बघत उभ्या राहिल्या. फोनमधून तिचा श्वास ऐकू येत होता.

"काय झालं?"

"वर येतंय."

"फाटलं?"

"नाही गं. साय धरते आहे."

तिकडे तिने नाक ओढलं आणि म्हणाली, "दूधच चांगलं असेल."